उजवीकडे बघा

पहाटे पावणेपाचला बेतवेकाठच्या रिसॉर्टमधून गाडी सुटते.
सोळा पाहुणे, मी, आणि स्टिअरिंगवर हल्केभाई.
मनगटांवर निळ्या पट्ट्या,
मांड्यांवर पुठ्ठ्याचे डबे: सँडविच, केळं, उकडलेलं अंडं.
मी माइक फुंकतो, माणसं मोजतो, पुन्हा मोजतो.
एक रात्र, दोन ऐतिहासिक शहरं, असं छापलंय,
जणू शहरं रात्रीत मावतात.

दतियाला महाल, चहा, बाथरूम, चाळीस मिनिटं.
"तुमचं मराठी फार गोड आहे हो," ठाण्याच्या चितळेबाई म्हणतात,
मी "ऊन लागून राहिलंय" म्हटल्यावर.
गोड. चिकूला म्हणतात तसं.
सात पिढ्या झाल्या आम्हाला इकडे.
पहिला पुंडलिक तलवार घेऊन आला की हिशेबाची वही,
घरात अजून एकमत नाही.
हे मी माइकवर सांगत नाही.

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर मी बरा असतो.
उरवाई घाटात, फोडलेल्या चेहऱ्यांखाली, आवाज खाली आणतो.
मानमंदिराच्या निळ्या पट्टीतली पिवळी बदकं
मी दाखवत नाही, नुसता थांबतो;
कुणीतरी ओरडतंच: अगं, बदकं!
मग पूर्वेच्या उतारावरचं ते एवढंसं देऊळ,
आत दगडावर अक्षरं, अक्षरांत शून्य.
फुलबाग लांबीला २७० हात,
रोजच्या माळा ५०.
"एवढुसाच?" कुणीतरी विचारतं.
एवढुसाच.
देवाला फुलं देताना कुणी हिशेब चोख ठेवला,
म्हणून हा उरला.
फुलांचं काही मला माहीत नाही.

संध्याकाळी गाडी लष्करात शिरते.
कंपूकडे वळल्यावर एक सिग्नल आहे.
लाल लागला तर अठ्ठेचाळीस सेकंद.
हिरवा असला तर हल्केभाई गिअर चुकवतात.
"आता सगळ्यांनी उजवीकडे बघा," मी म्हणतो.
"हा बंद कारखाना. इथे दरबारासाठी बर्फ पडायचा,
प्रत्येक लादीत गुलाबाच्या पाकळ्या."

खोटं आहे. दोन वर्षांपूर्वी घाईत रचलं,
तेव्हापासून दर खेपेला वाढतं:
आधी नुसता बर्फ, मग पाकळ्या,
गेल्या महिन्यापासून पाकळ्या मोजणारा एक मुनीम.

सगळे फोन उजवीकडे वळतात.
मी डावीकडे बघतो.

बॅटरीच्या दुकानावरचा दुसरा मजला.
सुलक्षणा कठड्याशी, हाताला कणीक.
मृण्मयीने पुठ्ठा उंच धरलाय, स्केचपेनने काहीतरी मोठ्ठं:
गणित, आणि पुढे
दोरीवरच्या टॉवेलाआड एक आकडा,
मग शून्य.
पाच की नऊ?
टॉवेल हलतो तोच मागचा ट्रक हॉर्न देतो.
"मुनीम दिवसाला किती मोजायचा?" चितळेबाई विचारतात.
"पन्नास," मी म्हणतो. "कधी कधी नव्वद."

गाइडने मुक्कामी पाहुण्यांसोबतच राहावे, नियम अकरा.
हॉटेलच्या ड्रायव्हरखोलीपासून घर अडीच किलोमीटर.
पायी गेलो तर... हल्केभाई काही बोलणार नाहीत.
पण साडेअकराला कुणाची उशी कडक,
पहाटे तीनला कुणाचं पोट.
सात पिढ्यांत मी पहिला,
जो आपल्याच गावात मुक्कामाला येतो.

जेवताना चौदा नंबरच्या सीटवरची शाल्मली
दह्याची वाटी घेऊन शेजारी बसली.
वय नऊ, पुढचे दात नवे.
दिवसभर एक प्रश्न विचारला नव्हता तिने.
"मी उजवीकडे नाही बघितलं," ती म्हणाली.
मी पोळीचा तुकडा वाटीत बुडवला, काढला, पुन्हा बुडवला.
"नव्वद आहेत, काका. टॉवेल हलला ना, तेव्हा दिसलं."
आणि दह्यात साखर मागायला उठून गेली.

सकाळी साडेसहाला परत निघायचं.
जाताना घर उजवीकडे येतं,
कारखाना डावीकडे.
मुनिमाला अजून नाव द्यायचंय.