बावीस पायऱ्या

बुडापेस्टच्या एका बंद पडलेल्या तुर्की हमामात
बावीस पायऱ्यांचा दगडी जिना आहे.
त्यावरून मी पडलो.
पडलो म्हणजे, अकरा दिवस पडायला शिकलो.
आधी गाद्यांवर, मग फळ्यांवर,
मग ओर्शोल्या म्हणाली, आता दगडावर.
सातव्या पायरीला डावा खांदा द्यायचा.
बाराव्या पायरीवर वळायचं, तिथे मार्त्सेल पाय घालणार,
त्याचा घोटा धरून त्यालाही ओढत न्यायचं,
आणि शेवटच्या तीन पायऱ्यांवर
कुणीच कुणाला धरलेलं नसणार.

चौथ्या टेकला जमलं. पहाटेचे साडेतीन.
चौदा सेकंद. सलग.
लाइटवाला ओठांत सिगरेट धरून उभा होता,
काडी बोटांपर्यंत जळत आली तरी
ती पेटवायची राहिलीच.

आई पेचला राहते.
एकतीस वर्षं हातमोज्यांच्या कारखान्यात होती.
कोकराच्या कातड्यावर टाका कसा दिसू द्यायचा नाही
ते तिला विचारावं.
माझे सगळे सिनेमे ती पाहते.
त्यांत माझं तोंड नसतंच,
तोंड दुसऱ्याचं, त्याचे पैसे वेगळे.
पण पाठमोरा मी तिला कळतो.
आठव्या वर्षी अक्रोडाच्या झाडावरून आपटलो
तेव्हापासून पडताना मी आधी हनुवटी आत घेतो.
तेवढ्यावरून ती शेजारणीचा हात दाबते:
हा. हा आमचा.

या वेळी शेजारी मी होतो.

जिना आला.
आला असावा, कारण ढोल वाढले.
एक कोपर. भिंत.
कुणाचा तरी बूट.
कॅमेराच गडगडत होता जिन्यावरून,
आम्ही जणू त्याला बघायला तिकीट काढलेलं.
पुन्हा कोपर, आता उजवं.
दगड दात अंधार बूट
नायकाचा चेहरा, त्यावर स्वच्छ घाम,
दुसऱ्या गावात, दुपारी, खुर्चीत बसून काढलेला.
अंधार.
सपाट फरशी.

मी मोजले. एकोणीस तुकडे, चार सेकंद.
सातवी पायरी नव्हती.
मार्त्सेलचा घोटा नव्हता, ज्याला अजून पट्टी आहे.
आईचा हात माझ्या हातावर होता,
दाबायच्या तयारीत,
तो तसाच राहिला.

कापणाऱ्याला मी शिव्या देत नाही.
भेटलो होतो त्याला, खिडकी नसलेल्या खोलीत,
डोळे लाल, समोर तीन दिवसांचं शिळं सूप.
म्हणाला, नऊ कॅमेरे होते, आठ मुद्दाम हलवलेले.
एकच स्थिर होता.
त्यात सगळं दिसत होतं.
त्यात सगळं दिसत होतं, म्हणून हेही दिसत होतं
की पडणारा तो नव्हे.

बसथांब्यावर आई पेचात पडलेली.
'चांगला होता,' म्हणाली. 'आवाज मोठा होता.'
मग बराच वेळ बस आली नाही,
तेव्हा म्हणाली,
'कापलंय पुष्कळ. शिवलंय कुणी?'
मी म्हटलं, धोका वाटावा म्हणून करतात तसं.
'म्हणजे तू पडलास
त्यात धोका नव्हता?'

तिच्या इमारतीत, दोन मजल्यांच्या मध्ये,
अठराच पायऱ्या आहेत. चार कमी.
मी कोट काढून कठड्यावर टाकला,
वर गेलो, आणि चालत चालत,
अगदी सावकाश, पडून दाखवू लागलो.
हनुवटी आत. सातवीला खांदा, इथे भिंत आहे असं समज.
खाली ती बटाट्यांची पिशवी धरून उभी,
जागची हलत नव्हती,
पापणीसुद्धा नाही.

बाराव्या पायरीवर होतो, अर्धा वळलेला,
तेव्हा जिन्यातला दिवा, वेळेचा असतो तो,
टक् करून गेला.

अंधारात पिशवी खाली ठेवल्याचा आवाज.
भिंतीवर तळहात फिरतोय, बटण शोधतोय.
'तिथेच थांब,' ती म्हणाली.
'नाही. वर जा.
पहिल्यापासून.'