झील

तानू भुवडची तबकडी म्हटली
की घोडपदेवची उरलीसुरली म्हातारी माणसं
पहिल्या बाजूचं गाणं गुणगुणतात,
गौरीच्या नाचाचं, पायात चाळ आणि ढोलकी पिसाळलेली.
ते मंडपामंडपात वाजलं.
दुसरी बाजू कुणी उलटली नाही.
मी तिच्यात आहे. झीलकऱ्यांत डावीकडून दुसरा,
घसा बसलेला.

चाळीस माणसांची खोली आमची,
पाळीपाळीने झोपायची.
तानू गोदीत जहाजांच्या पोटाला लोंबकळून
जुना रंग खरवडायचा,
आणि नखांत तोच गंज घेऊन
रात्री पदाला पद जोडायचा.
अक्षरओळख नव्हती. त्याची वही मी लिहायचो,
मनिऑर्डरही.

श्रावणात ती परत आली. पंचवीस रुपये,
वर पोस्टमनचा लाल शेरा:
घेणारी घर सोडून गेली.
तानूनं कागद माझ्या नाकासमोर धरला,
काय लिवलंय?
पोस्टाची चूक, मी म्हटलं. पत्ता नीट लागला नाही.
आसंल, तो म्हणाला.
कागदाची चौघडी केली. पिशवीत नाही,
टोपीत ठेवली.

आठ दिवसांनी सांगायला बसला, मी उतरवत गेलो:

    कुणी पुसलं दारात, सांगीन बरं हाय,
    चुलीवर भात हाय, कढत हाय,
    धनी यायचं हायत, पाट मांडलाय…

बाईचं गाणं, म्हणून खोली हसली.
कुणीतरी लुगडं नेसवायची भाषा केली. तानूही हसला,
सगळ्यांपेक्षा जरा जास्त.
मी वहीत मान घालून
‘कढत’ दोनदा गिरवलं.

फोर्टात एका गोदामाच्या माडीवर रेकॉर्डिंग,
भिंतींना गोणपाट, पंखा बंद.
जिन्यातच त्यानं ताकीद दिली,
शेवटच्या फेरीला झील धरायची नाय.
‘बरं हाय’ मी एकटा म्हणणार.
झीलकऱ्याचा जन्म बुवाची ओळ उचलायला,
आणि आम्ही सहा जण झांजा मांडीवर उपड्या धरून गप्प.
नीट ऐकलंत तर तिथे एक जागा सापडते:
कुणीतरी श्वास घेतलेला,
घेतलेला तसाच ठेवलेला.
आतला साहेब म्हणाला, परत घेऊ.
तानू म्हणाला, ऱ्हाऊंदे.

शिमग्याला गावी जाऊन आला. काही बोलला नाही.
मी विचारलं नाही.
पुढे एकोणीस वर्षं आमच्या वळकट्या
एकमेकींना लागून होत्या.

आता चाळीच्या जागी हा टॉवर, मी सतराव्या मजल्यावर.
तबकडी कपाटात, लग्नातल्या शालूखाली.
वाजवायला यंत्र नाही, शालूला नेसणारी नाही.
खिडकीतून गोदीच्या क्रेनची मान दिसते.

संध्याकाळी पनवेलहून लेक फोन करते,
बाबा, जेवलात? बरं आहे ना?
भात आहे, मी म्हणतो. कढत.
आणि थोडा थांबतो,
तिकडून कुणी झील धरतंय का म्हणून.