अस्तर

चरईतल्या दुकानात चाळीस वर्षं
यांनी पॉलिस्टरला नावं ठेवली.
घाम पीत नाही म्हणायचे, इस्त्री मानत नाही,
माणसासारखं नीट मळतसुद्धा नाही.
आणि शेवटी तेच कापड पोटात:
जांघेतून आत सरकवलेलं,
तारेच्या सांगाड्यावर ताणलेलं,
फुगलेल्या महाधमनीला आतून अस्तर.

शुद्धीवर येताच विचारलं, टाके किती?
डॉक्टर सिक्वेरा हसल्या. आत एकही नाही, माळवदेकाका.
बिनटाक्याचं काम!
आठवडाभर यांना जेवण गेलं नाही.

तिसऱ्या वर्षी घोडबंदरच्या त्याच थंड खोलीत
पडद्यावर एक पांढरा ठिपका,
रक्तानं जिथं जायचं नाही, तिथं.
हजारात एखाद्याला होतं, त्या म्हणाल्या.
तार कापडाला घासत राहते,
ठोक्याठोक्याला, दिवसाला लाखभर वेळा.
मी पर्सची चेन उघडत, लावत बसले.
हे मात्र पुढे झुकले,
कपाळावरचा चष्मा खाली ओढला,
गिऱ्हाइकानं कोट परत आणावा तसे.
"विरलंय कुठं? मधोमध की जोडावर?"
जोडाच्या जरा वर.
"तरीच. तिथं दुपदरी घ्यायला हवं होतं."

रिक्षात तीन हात नाक्यापर्यंत गप्प.
मग एकदम, साडेसहा सेंटिमीटर म्हणजे
अडीच इंचांहून किंचित वर.
झबल्याला खिसा लावतो ना आपण, तेवढं.
मी म्हटलं, झबल्याला कोण खिसा लावतं?
तुझ्या अरुंधतीच्या झबल्याला होता, म्हणाले.
होता खरा.

काजं सगळी मीच करायचे.
कापायचं यांनी, भोकं माझ्याकडे.
चिरलेल्या कडा दोऱ्यानं बांधून घ्यायच्या,
म्हणजे भोक वाढत नाही,
एवढी एकच विद्या माझी.
रात्री यांच्या बेंबीवर तळहात ठेवून पडते
आणि ती विद्या बोटांत नुसती वळवळते.

गुरुवारी जुन्या अस्तरात नवं अस्तर घालणार.
"असलं काम घेऊन कुणी आलं असतं,
तर मी हाकलून दिलं असतं," हे म्हणाले
आणि सही केली.

बुधवारी संध्याकाळी वॉर्डात
हिरव्या गाऊनची काखेतली शिवण उसवलेली दिसली.
यांनी सिस्टरला हाक मारली, सुई आहे का?
आणते, म्हणाली ती.
आणली. सलाईनची.
यांनी दंड पुढे केला,
दुसऱ्या हातानं उसवलेलं तसंच चिमटीत धरून.