विजेच्या बिलावर

वेल्ह्याहून सुटलेल्या शेवटच्या एसटीत
मांडीवर स्टीलचा डबा, झाकण किलकिलं.
आत चार छत्र्या, पांढऱ्या, देठाला बांगडी.
शेजारचा माणूस डोकावला आणि सरकून बसला.

वरच्या धनगरवाड्यावर
ठकूबाई ढेबेंना दाखवल्या होत्या.
त्यांनी हातात घेतल्या नाहीत.
'कुठं घावली?'
वाटेत, मी म्हटलं.
'वाटंत म्हंजी? वारुळावर का शेणात?
एकली हुती का कळपानं?
बुडाशी उकरलंस का?'
मला एवढंच आठवलं
की बुटाची नाडी सुटली होती,
वाकलो, तेव्हा दिसली.
'मग म्या काय सांगू,' त्या म्हणाल्या
आणि शेळीच्या कानातली गोचीड काढू लागल्या.

कोथरूडला पोचायला साडेनऊ.
पुस्तकात सतरा चित्रं, सतराही हीच.
खाण्याजोगी एक; पुढच्या पानावर तिची मावसबहीण,
तीच टोपी, तीच बांगडी,
खाली बारीक अक्षरांत: उलट्या, जुलाब.
आई एका शब्दात मोकळी व्हायची,
कुत्र्याची छत्री.
सगळ्या रानाला एकच कुत्रं.

एक टोपी देठापासून मोडली,
पालथी घातली विजेच्या बिलावर,
वर काचेचा वाडगा. पंखा बंद.
बीजाणू रात्रभर गळतात म्हणे, आपल्या रंगाचे.
पांढरे पडले तर बघू, असं ठरवून
घामेजून पडून राहिलो.
खरं सांगायचं तर लसूण सोलून ठेवला होता,
लोणी बाहेर काढलं होतं.
नाव नकोच होतं मला.
परवानगी हवी होती.

सकाळी वाडगा उचलला.
थकबाकीच्या रकान्यावर एक चाक,
आऱ्या इतक्या बारीक
की श्वास धरून बघावं लागलं.
हिरवट.
कल्हई उडालेल्या पातेल्यात
ताक कळकतं, तसं.

लसूण आमटीत गेला.
छत्र्या कुंडीतही टाकवेनात,
कागदात गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत दिल्या.
बिल मात्र भरायचं होतं, मुदत आजचीच.

खिडकीतल्या बाईंनी बोट फिरवलं त्या चाकावर.
'हे काय सांडलंय?'
तेव्हा कुठे आठवलं सगळं:
दुसरं वळण, गुरं बसतात ते गवत,
वारूळ नव्हतं,
एकली नव्हती, गोल करून बसल्या होत्या,
मी चारच तोडल्या.

मागे रांग होती.
'आधी हात धुऊन या,' मी म्हटलं.