हातचा

बास्केटबॉलच्या जाळीखाली टेबलं मांडलीत.
पेटी उलटी केली तेव्हा मतपत्रिकांतून
वाणसामानाची एक यादी निघाली:
१ लोणी, २ ब्लीच, ३ मांजराचं खाणं.
"पसंतीक्रम स्पष्ट आहे," ब्रीद म्हणाली,
"पण यांच्यापैकी कुणी अर्ज भरलेला नाही."

एरवी मी चौथीला गणित शिकवते.
मोजणीचे मला दिवसाचे पैसे मिळतात, आणि सँडविच.
कठड्यापलीकडे पक्षांची माणसं
वह्या उघडून आमच्या बोटांकडे बघताहेत,
मासे साफ करणाऱ्या बाईकडे मांजरं बघतात तशी.

भाचा लीड्सहून आलाय सुट्टीला.
तिकडे सोपं असतं म्हणे: एकच फुली.
ज्याच्या फुल्या जास्त, तो सगळ्या गावाचा धनी,
उरलेल्यांच्या फुल्या त्याच रात्री रद्दी.
न्याहारीपर्यंत सरकार तयार.
"मावशी, तुमच्याकडे तीन-तीन दिवस का लागतात?"
म्हटलं, बाळा, आमच्याकडे हातचा असतो.

पहिली फेरी. जागा चार.
मालाकी ड्युगन तिसरा, चार हजार नऊशे ऐंशी.
त्याच्या पोरांनी शॅम्पेन गाडीच्या डिकीत ठेवलीय,
नोव्हेंबर तिला फुकटात गार करतोय.
ओना गिलहूली सहावी.
तिच्या बहिणीनं कोटाची एक बाही चढवलीसुद्धा.

मालाकीला लोक एक देतात
नाहीतर काहीच देत नाहीत.
त्याच्या नावापुढे दोन लिहिलेलं
मी सकाळपासून फार तर पाचदा पाहिलं.

मग तळातून गळती सुरू झाली.
आधी तो पोरगा, ज्याला फक्त गांजा कायदेशीर हवा होता.
मग त्या अकॉर्डियन शिकवणाऱ्या शेवलिनबाई,
पोस्ट ऑफिस वाचवा म्हणत दारोदार हिंडलेल्या.
सहाशे बारा मतं. अनामत गेली.
पण गठ्ठ्याचं रबर काढलं,
एकेक पत्रिका पुन्हा वाचली, दोनचा आकडा कुठंय ते बघत,
आणि तीनशे चाळीस ओनाच्या खणात पडल्या.
पडलेल्या बाईचं म्हणणं
असं दुसऱ्याच्या पायांनी चालू लागलं.

रात्री अकराला युती उघडी पडली,
जी कुणी कुणाशी केलीच नव्हती.
आजोबांनी एकमेकांवर बंदुका रोखलेल्या,
नातवंडांनी पत्रकाच्या तळाशी बारीक छापलेलं:
आम्हाला एक दिल्यावर शेजाऱ्यांनाही आठवा.
वरच्यांनी हात मिळवले ते फोटोत दिसतं.
खालच्यांनी मिळवले का, ते या टेबलावर कळतं.
बऱ्याच जणांनी मिळवले.
काहींनी दोनची जागा कोरी सोडलीय,
इतकी कोरी
की तिथं आजोबा बसलेले दिसतात.

नवव्या फेरीत एक पत्रिका हातात आली,
आकडे सातपर्यंत,
सातच्या पोटावर आडवी रेघ, मी काढते तशी.
मी तिला ओळख दाखवली नाही.
चार माणसं तिच्यावरून बाद होऊन गेली होती,
आता ती पाचव्या आकड्यावर येऊन थांबली: ओना.
त्यात जीव ओवाळणं नव्हतं.
चालेल, एवढंच होतं.
इतरांना कुणी जिवापाड हवं होतं, कुणी मुळीच नको होतं;
ओना गिलहूली मात्र
अकरा जणांना जास्त चालली,
फेरमोजणीनंतरही अकराच,
आणि आमदार झाली.

पहाटे मालाकी कठड्याशी आला,
टाय खिशात, डोळे लाल.
"बाई, पहिल्या फेरीत मी तिसरा होतो."
होतात, म्हटलं.
त्याची धाकटी माझ्याच वर्गात आहे.
बेरीज सुरेख करते,
फक्त हातचा विसरते.