शेवटचं शून्य

पहिल्यांदा झालं तेव्हा मंगळवार होता.
रावपुऱ्यातल्या लॅबचा सर्व्हर
पहाटे पावणेतीनला आपणहून गप्प झाला.
यापुढे फक्त वाचा, म्हणाला,
लिहू देणार नाही.
मी घरूनच, मांडीवर लॅपटॉप घेऊन
रीबूटची एक ओळ टाइप केली,
आणि सकाळी सातला रक्त द्यायला आलेल्या
उपाशीपोटी माणसांना
काही कळलंही नाही.

दुसऱ्यांदा शुक्रवारी.
तिसऱ्यांदा पुन्हा मंगळवारी, म्हणून मी
मंगळवारवरच संशय घेतला.
बॅकअप कधी चालतो, एसी कधी ट्रिप होतो,
खालच्या झेरॉक्सवाल्याचं मशीन कुठल्या फेजवर,
सगळं वहीत मांडलं.
चौथ्यांदा रविवारी झालं.
वही मिटली.

डिस्क तपासली. निर्दोष.
मेमरी रात्रभर घासून पाहिली. निर्दोष.
केबल बदलली. जुनी केबल ड्रॉवरमध्ये ठेवली,
फेकवेना,
तिच्यावर गुन्हा शाबीत नव्हता.

जिज्ञासाबेन म्हणाल्या, चाले छे ने?
चालत होतं.
तेच तर.

मग लॉग नीट वाचला, वरपासून,
शेवटच्या वीस ओळी नव्हे.
दर वेळी डिस्क चढवताना तो सांगत होता:
चुकांसकट चढवतो आहे,
तपासून घेतलंत तर बरं.
सात महिन्यांत सव्वीस वेळा.
मी ते वाचलं होतं, पण वाचलं होतं
जिन्यातल्या ‘येथे थुंकू नये’सारखं.

आणि एका जुन्या फाइलमध्ये, डेटाच्या ओळीत
शेवटचा आकडा शून्य.
शून्य म्हणजे सुरू होताना याला तपासू नका.
वर रोमन लिपीतलं मराठी:
tapasni nako, sakali rang aste. फ.

फणसे सर आता मकरपुऱ्यात असतात,
रिटायर होऊन सहा वर्षं झाली, फोन पहिल्या रिंगला उचलतात.
‘हो, मीच,’ म्हणाले.
‘डेंग्यूचं वर्ष होतं. वीज गेली, आली,
आणि याने तपासणी काढली चार तासांची.
रांग पार खाली रिक्षांपर्यंत.
एका बाईच्या कडेवरचं पोर
मान टाकून होतं, गं.
मी शून्य केलं.
नंतर परत एक करायचं होतं.’
थोडं थांबून म्हणाले,
‘दोन. डेटाला दोन असतं.’

शनिवारी रात्री लॅब बंद झाल्यावर
मी डिस्क उतरवली आणि विचारायला लावलं.
हा तुकडा कुणाचाच नाही, जोडू? हो.
ही मोजणी चुकली आहे, सुधारू? हो.
हो. हो. हो.
सगळ्यांना एकदम हो म्हणायचीही सोय असते.
मी पहिले दोनशे हातानेच म्हटले,
का ते सांगता येणार नाही.
छगनभाईंनी चहा आणला, तो गार झाला.

मूळ घाव कधीचा, सापडलं नाही.
एखाद्या उत्तरायणात ओल्या मांजाने
दोन तारा भिडवल्या असतील,
अर्धा सेकंद दिवे गेले असतील,
आणि अर्धं वाक्य लिहायचं राहिलं असेल.

तीन तास पन्नास मिनिटं.
शेवटी हरवलेल्यांच्या फोल्डरमध्ये
एक्केचाळीस फाइली,
मजकूर शाबूत, नाव गेलेलं,
नावाच्या जागी नुसता नंबर.
अडतीस मी तारखेवरून, वयावरून
घरी पोचवल्या.

तीन उरल्या.
त्यातल्या एकीत हिमोग्लोबिन पाच पॉइंट नऊ,
स्त्री, चौतीस,
आणि खाली डॉक्टरांनी टाइप केलेलं
‘ताबडतोब कळवा’.

शून्याचं दोन केलं.
फ च्या ओळीखाली माझी ओळ लिहिली नाही.

आज अकरावा दिवस. सर्व्हर ठीक आहे.
पावणेतीनला मात्र जाग येते,
आणि मी वयाचा हिशेब करत पडून राहते,
चौतीस होती तेव्हा,
आता किती असेल.