अर्धा आटा

लिएपायाच्या ट्राम डेपोत
भंगारात काढलेला एक रिले
मी कोटाच्या खिशातून घरी आणला.
चोरीच म्हणा.
बावीस वर्षं त्यानं एका वळणावर
लाल-हिरवं केलं होतं, इमानेइतबारे.

वरच्या मजल्यावर वेल्टा आणि आर्विड्स.
दोघंही जाळ्यांच्या कारखान्यात,
दोघांनाही ऐकू येत नाही.
मूल झालं तेव्हा वेल्टा
मनगटाला दोरी बांधून निजायची,
दुसरं टोक गिर्ट्सच्या पायाला,
रडताना तो लाथा झाडायचा म्हणून.
पण थकलेलं पोर
पाय न हलवताही रडतं.
ते आम्हाला खाली ऐकू यायचं.

तर: जुन्या टेलिफोनचा माउथपीस,
पातळ चकती, चकतीमागे कोळशाचे दाणे.
आवाज आला की दाणे बिलगतात एकमेकांना,
जानेवारीत थांब्यावर माणसं बिलगतात तसे,
आणि वीज त्यांच्यातून वाट काढते.
एवढीशी वीज. तिच्यानं काजवाही पेटणार नाही.
ती फक्त लोखंडाचं एक पातं ओढते,
खट्,
आणि दाराशी ताटकळलेली मोठी वीज
आत येते.

पहिल्याच रात्री दिवा लुकलुकायला लागला
तो थांबेचना. गिर्ट्स गाढ झोपलेला.
वेल्टानं मला उठवून वर नेलं.
दिव्याखाली बसून ऐकलं, तेव्हा कळलं:
रिले स्वतःचंच खट् ऐकत होता
आणि ऐकून पुन्हा खट् म्हणत होता.
डेपोच्या सभांमध्ये अशी माणसं पाहिली आहेत मी.
मिल्डाच्या जुन्या टोपीचं फेल्ट कापून खाली घातलं,
स्क्रू अर्धा आटा मागे घेतला.
गप्प झाला.

महिन्याभरानं वेल्टा वही घेऊन खाली आली.
यादी होती.

कोळशाची लॉरी: लागतो.
समुद्राचा वारा, खिडकी उघडी असेल तर: लागतो.
दूध उतू गेलं: नाही. मला वाटायचं, ते किंचाळत असेल.
बर्फ: नाही. दोन रात्री जागून पाहिलं.
आर्विड्स घोरतो: लागतो. त्याला सांगितलेलं नाही.

आणि शेवटी, पेन्सिल दाबून:
काल संध्याकाळी लागला.
गिर्ट्स झोपला होता, खिडकी बंद, रस्ता रिकामा.
आर्विड्स फोरमनची नक्कल करून दाखवत होता.
मी त्याला पुन्हा करायला लावली.
पुन्हा लागला.
ती मी होते का?

मी पेन्सिल हातात धरून बसलो.
नऊ वर्षं आमच्या छतातून येतंय ते हसू,
बोटीमागे लागलेल्या समुद्रपक्ष्यासारखं,
सुरुवातीला मिल्डा झाडूच्या दांड्यानं छत ठोकायची.
कुणासाठी ठोकत होती कोण जाणे.
मी लिहिलं: हो.

तिनं लिहिलं: मोठं आहे?

किती मोठं, हे कसं लिहितात?
मला आकडे येतात, व्होल्ट येतात.
मी लिहिलं:
स्क्रू आणखी दोन आटे मागे घेतला
तरी दिवा लागेल.

ती बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिली.
मग वही मिटून
वर गेली, जिन्यात पाय आपटत,
मुद्दाम, मला वाटतं.

गिर्ट्स आता सात वर्षांचा आहे.
माझ्याशी तोंडानं बोलतो, त्यांच्याशी हातांनी,
आणि बूट हातात घेऊन
दिव्याला न कळता कपाटातला जॅम गाठतो.
रिले कुणी काढला नाही.
शेवटच्या ट्रामनंतर मी घरी येतो
तेव्हा कोपऱ्यावरून त्यांची खिडकी दिसते:
लागली, विझली,
लागली,
लागलेलीच राहिली.
फोरमन बदलला, पण नवाही नकलेजोगा दिसतो.

खट् मात्र मला आता ऐकू येत नाही,
अगदी खाली उभं राहिलं तरी.
फेल्ट चांगलं होतं.